मुकादमाचा होकार म्हणजे परवानगी नव्हे

डॉक्युमेंटरी फोटोग्राफीवर आलेल्या प्रश्नांत कॅमेरा कोणता घ्यावा असं विचारणारे थोडेच निघाले. बहुतेकांची अडचण एकच आहे: समोरचा माणूस मोकळा होत नाही. पहिल्या प्रश्नाला इथे जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न : मी कोल्हापुरात शिकतो. गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या टोळीचा तळ पडला आहे. मुकादमाला विचारलं, तर तो लगेच ‘घ्या की फोटो’ म्हणाला. पण मी गेलो की बायका पदर पुढे ओढतात आणि पुरुष काम सोडून ताठ उभे राहतात. चार खेपा झाल्या. माझं काय चुकतंय?

परवानगी तुम्ही एकाच माणसाकडून घेतलीत, आणि नेमका तोच फोटोत नाही. टोळीतल्या प्रत्येक कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत त्याच्या शब्दाबाहेर जाणं कोणालाच परवडत नाही. त्याने हो म्हटलं की बाकीच्यांना नाही म्हणायला जागा उरत नाही. मग नकार पदरातून आणि पाठीतून दिसतो. पदर घेण्याची रीतही असते, सासरा किंवा मोठा दीर जवळ असेल तर विशेष. पदर घेऊनही बाई तुमच्याशी बोलत असेल तर ती रीत समजा. ती पाठ फिरवून चुलीकडे वळली, तर तो नकार आहे आणि तो पाळायचा.

तरीही मुकादमाला टाळू नका. त्याला डावलून तळावर गेलात तर बोलणी टोळीला बसतील. त्याच्याकडून फक्त तळावर यायची मुभा घ्या, आणि फोटोचं प्रत्येक कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, वेगळं विचारा, तो जवळ नसताना. ज्याच्या रानात तळ आहे त्या शेतकऱ्याच्याही कानावर घाला. नाहीतर तिसऱ्या दिवशी कोणीतरी बांधावरून तुम्हाला हटकेल आणि सगळ्यांसमोर तुम्ही चोर ठराल.

पुढचा प्रश्न वेळेचा. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते. तळावर न्हाणीघर नसतं, म्हणून बायकांची अंघोळ आणि शौचाला जाणं त्याच अंधारात उरकतं. उजाडण्याआधी तळावर पाऊल टाकू नका, पहाटेचा प्रकाश कितीही सुंदर असला तरी. मोळ्या गाडीत भरताना बोलायला जाऊ नका. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणाऱ्या माणसाचं लक्ष ढळलं तर तो पडतो. बोलायला खरा निवांतपणा असतो तो फडावर तोड झाल्यावर, गाडीची वाट पाहताना, किंवा कारखान्यावर गाड्यांची रांग लागून खेप अडकली असेल तेव्हा. आज गाडी कधी येणार, हे कारखान्याच्या चिटबॉयला (उसाच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या माणसाला) विचारलं तर तो सांगतो.

पहिल्या तीन खेपांत फोटो काढू नका, पण कॅमेरा गळ्यात उघडा असू द्या. कॅमेरा पिशवीत ठेवून ओळख करायची आणि नंतर तो बाहेर काढायचा, ही युक्ती अनेकजण सुचवतात. आम्हाला ती पटत नाही. कॅमेरा बाहेर आला की आधीच्या सगळ्या गप्पा त्यासाठीच होत्या असं लोकांना वाटतं, आणि ते खरंही असतं. पहिल्याच भेटीत चार गोष्टी सांगून टाका: मी कोण, फोटो कशासाठी, ते कुठे दिसतील, आणि मी परत कधी येणार. ‘मी कॉलेजात फोटोचं शिकतो. तुमच्या कामाचे फोटो काढायचे आहेत, ते कॉलेजातल्या प्रदर्शनात लागतील. पैसे मला मिळणार नाहीत, तुम्हालाही नाहीत. येत्या रविवारी पुन्हा येतो.’ एवढं बोलणं पुरे आहे. मात्र रविवारी जायलाच हवं.

तळावर तुमच्याबद्दल कोणते संशय असतील तेही ओळखून असा. तुम्ही कारखान्याचे आहात का, मुलं कामाला आहेत म्हणून तक्रार करणार का, आणि बीडच्या टोळ्यांत आणखी एक: ‘पिशवी’बद्दल विचारायला आलात का. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली आणि कॅमेरे कोप्यांपर्यंत पोचले. ज्या बायकांच्या शरीराची अशी जाहीर चर्चा झाली, त्यांनी नव्या कॅमेऱ्याकडे संशयाने पाहणं स्वाभाविक आहे. तो विषय तुम्ही काढू नका. कोणी आपणहून बोललंच, तर कॅमेरा खाली ठेवून ऐका.

पहिला फोटो त्यांना हवा तो. चांगली साडी नेसून कोपीसमोर उभं कुटुंब, बैलजोडी, मांडीवर बाळ. तो मन लावून काढा: सावलीत उभे करा, मागचा पसारा सांभाळा, प्रत्येकाचे डोळे उघडे आहेत ना ते पाहा. लहान मूल असेल तर एका फोटोसाठी सहा-सात क्लिक लागतात. प्रिंट आठ दिवसांच्या आत पोचवा. टोळीचं ठिकाण बदलू शकतं, आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की दोन-चार दिवसांत तळ रिकामा होतो. म्हणून गाव आणि तालुका पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. फोन नंबरवर विसंबू नका, रिचार्ज संपला की तो बंद असतो. प्रिंट चार बाय सहाचा चालेल, पण बारा कोयते असतील तर बारा घरांत बारा प्रिंट गेले पाहिजेत. एकाच घरात दिलात तर तळावर कुरबूर होते आणि तिचं कारण तुम्ही असता. प्रिंट प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्या. पाचटाच्या कोपीत दव आणि चुलीचा धूर यांत उघडा कागद महिनाभरही नीट राहत नाही.

लेन्स ३५ मिमीची एकच घ्या. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी मापाचा असेल तर २३ किंवा २४ मिमी. हिने दीड-दोन मीटरवर जावं लागतं आणि तेच बरं. बांधावरून २०० मिमीने काढलेल्या फोटोत माणूस कसा दिसतो यापेक्षा त्याला काय वाटतं ते पाहा: कोणीतरी लांबून आपल्यावर नजर ठेवून आहे. कोपीत फ्लॅश नको, झोळीत मूल झोपलेलं असतं. एका दिव्यावर अ‍ॅपर्चर एफ २, शटर १/५० सेकंद आणि आयएसओ ३२०० ते ६४०० एवढ्यात काम होतं. फोकसला मदत करणारा लाल-नारिंगी दिवा आणि बीप दोन्ही बंद करा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापराल, तर स्वस्त एलईडी बल्बखाली फोटोवर काळे आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. नाहीच गेले, तर मेकॅनिकल शटरवर या आणि तेवढा आवाज होऊ द्या.

पिण्याचं पाणी स्वतःचं न्या, कारण तळावर ते लांबून डोक्यावर आणलेलं असतं. चहा मात्र नाकारू नका. आणि ‘जरा हसू नका’, ‘तसंच दमल्यासारखं बसा’ असं एकदाही म्हणू नका. एका वाक्याने महिन्याची ओळख वाया जाते.

प्रश्न : वारीत एका मावशींचा फोटो काढला तर त्या रागावल्या. वारी तर रस्त्यावर चालते, तिथे परवानगी कशाला?

रस्त्यावरच्या दृश्याचा फोटो काढायला कायदा सहसा आडवा येत नाही. पण तुम्हाला एक चेहरा जवळून हवा असेल, तर त्या चेहऱ्याच्या माणसाला विचारायलाच हवं. वारीत ते सोपं आहे. ‘माऊली’ म्हणून हाक मारा, कॅमेऱ्याकडे बोट करा आणि मान हलेपर्यंत थांबा. सुटे फोटो घेत पुढे-मागे पळण्यापेक्षा एकच दिंडी धरा. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक असतात. दिंडीप्रमुख आणि विणेकरी यांना मुक्कामावर संध्याकाळी भेटा आणि निदान तीन मुक्काम त्याच दिंडीबरोबर चाला. दुसऱ्या दिवशी लोक तुम्हाला पंगतीला बसवतील, तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याकडे पाहणं सोडतील. चालताना टाळकऱ्यांच्या ओळींमधून आडवं जाऊ नका. रिंगणात अश्वाच्या वाटेत वाकून बसणारा फोटोग्राफर सगळ्यांच्याच जिवावर उठतो.

नीरेच्या काठी किंवा टँकरखाली अंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो कोणत्याही कारणासाठी काढू नका. बायकांचे खासगी क्षण चोरून टिपण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये शिक्षा आहे. ती नसती तरी आमचं उत्तर हेच असतं. मावशींच्या बाबतीत सांगायचं तर फोटो पुसून टाका आणि पुढच्या मुक्कामावर भेटल्या तर तसं सांगा.

प्रश्न : तमाशाच्या फडावर काम करायचं आहे. कलावंत महिला तयार होतात त्या राहुटीत पुरुष फोटोग्राफरने जावं का?

पहिल्या महिन्यात नाही. आधी नारायणगावला जा. जत्रांच्या हंगामाआधी फड तिथे राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे लोक खेळाची सुपारी द्यायला येतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे गर्दी असते, म्हणून चार-आठ दिवस आधी गेलात तर फडमालक आणि मॅनेजर निवांत भेटतात. फडाबरोबर फिरायला लागलात की रात्रीचा खेळ, मग सामान ट्रकमध्ये भरणं, आणि सकाळी झोप. झोपलेल्या माणसांचे फोटो सहज मिळतात, म्हणूनच ते घेऊ नयेत.

इथली भीती ऊसतोडीच्या तळापेक्षा वेगळी आहे. प्रेक्षकांतले मोबाइल रोज त्यांच्यावर रोखलेले असतात आणि ते व्हिडिओ वाट्टेल त्या मथळ्याखाली फिरतात. घरची मुलं शाळेत जात असतात. म्हणून प्रत्येक कलावंताला स्पष्ट विचारा: स्टेजवरचा फोटो चालेल का, स्टेजबाहेरचा चालेल का, खरं नाव घालू का, गाव लिहू का. चार प्रश्नांची चार वेगळी उत्तरं येतील, ती वहीत त्यांच्यासमोरच लिहा. राहुटीत बोलावणं आलं तर ते तिच्याकडूनच आलं पाहिजे, मॅनेजरकडून नव्हे. तेव्हाही आत आणखी कोण आहे ते विचारून मगच पडदा उचला.

प्रश्न : फोटोसाठी पैसे मागतात. द्यावेत का?

फोटोमागे पैसे देऊ नयेत. एकदा दर ठरला की माणूस तुम्हाला हवं ते करून दाखवायला लागतो आणि पुढच्या फोटोत खरं किती ते तुम्हालाही कळत नाही. पण तुमच्यामुळे कोणाचं काम बुडालं असेल तर ते भरून द्यायलाच हवं. ऊसतोडीची मजुरी टनावर असते. तासभर मुलाखतीला बसवलंत तर तेवढी तोड कमी झाली. हाताचं काम न थांबवता बोला, नाहीतर बुडालेली मजुरी ठरवून द्या. सगळ्यांना एकाच हिशेबाने द्या आणि तसं फोटोच्या टिपणात लिहा.

बाळाला ताप आहे, गाडी नाही, अशी वेळ आली तर कॅमेरा बाजूला ठेवून दवाखान्यात न्या. त्या फेरीचे फोटो काढू नका. मात्र ‘योजना मिळवून देतो’, ‘साहेबांशी बोलतो’ असलं आश्वासन कधीच देऊ नका. लोक ते वर्षभर लक्षात ठेवतात.

प्रश्न : लेखी संमती घेऊन काढलेला फोटो प्रदर्शनात लागला. आता त्या बाई तो काढा म्हणतात. फॉर्मवर सही आहे. काय करावं?

काढा. सही तुम्हाला कोर्टात उपयोगी पडेल, तळावर नाही.

याचं मोठं उदाहरण जपानमधलं आहे. मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने शेकडो कुटुंबं उद्ध्वस्त झाली. अमेरिकी छायाचित्रकार डब्ल्यू. युजीन स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन तिथे १९७१ पासून तीन वर्षं राहिले. जन्मापासून बाधित मुलीला अंघोळ घालणाऱ्या आईचा त्यांचा फोटो आई-वडिलांच्या संमतीनेच काढलेला होता. तो जगभर पोचला आणि लढ्याला त्याचा उपयोग झाला. मुलगी १९७७ मध्ये गेली, फोटो मात्र छापला जात राहिला. आपल्या लेकीला आता विश्रांती मिळावी असं आई-वडिलांना वाटू लागलं. १९९८ मध्ये आयलीन स्मिथ यांनी त्या फोटोबद्दलचा निर्णय त्यांच्या हाती दिला आणि तो नव्याने छापायला देणं थांबवलं. इतका गाजलेला फोटो थांबवता आला, तर तुमचा प्रदर्शनातला फोटो एका दिवसात उतरवता येईल.

पुढच्या वेळी फॉर्म वेगळा करा. एकच ‘मला मान्य आहे’ नको. प्रदर्शन, मासिक, इंटरनेट, नाव, गाव, अशा पाच ओळी आणि प्रत्येकीसमोर हो किंवा नाही. तो मराठीतच असू द्या, मोठ्याने वाचून दाखवा, आणि वाचतानाचं व त्यांच्या उत्तराचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग मोबाइलवर ठेवा. वाचता न येणाऱ्या माणसाच्या अंगठ्यापेक्षा हे रेकॉर्डिंग जास्त प्रामाणिक आहे. एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या, तिच्यावर तुमचा नंबर हवा. आणि हे आधीच सांगा: इंटरनेटवर गेलेला फोटो मी माझ्याकडून काढू शकतो, दुसऱ्याने उतरवून घेतलेला परत आणू शकत नाही. हे ऐकून काहीजण ‘इंटरनेट नको’ म्हणतील. ते समजून म्हणताहेत, वाद घालू नका.

याच संदर्भात टिपणांबद्दल. अमेरिकेत १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी निपोमो इथे काढलेला स्थलांतरित मजूर आईचा फोटो सर्वांच्या पाहण्यातला आहे. लँग यांनी पुढे स्वतःच सांगितलं की तिचं नाव आणि तिची कहाणी त्यांनी विचारली नव्हती. कुटुंबाने पोटासाठी गाडीचे टायर विकल्याचं त्यांनी नोंदवलं होतं, मुलांनी नंतर ते साफ नाकारलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि तेव्हा त्या फोटोबद्दल ती नाराजच होती. फोटो काढल्यावर नाव, गाव, तारीख, काय चाललं होतं हे त्याच दिवशी लिहा आणि लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखवा. कॅप्शनमधली चूक ज्याच्याबद्दल आहे त्याला सर्वांत जास्त बोचते.

प्रश्न : साखरशाळेतल्या (ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेतल्या) आणि उसाच्या फडावरच्या मुलांचे फोटो घेताना काय पाळावं?

आईला किंवा वडिलांना विचारा, आणि मग मुलालाही विचारा. मूल लाजून पळालं तर आईचा होकार बाजूला ठेवा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, गुन्ह्यात सापडलेल्या, पीडित किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. श्रम कायदे मोडून कामाला लावलेलं मूलही ‘काळजीची गरज’ या व्याख्येत येतं. म्हणजे हातात कोयता घेतलेल्या मुलाचा ओळखता येईल असा फोटो तुम्ही कितीही कळवळ्याने छापलात तरी अडचणीत याल, आणि त्याचे आई-वडीलही येतील.

डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही. शाळेचा फलक, गणवेश, कॅप्शनमधलं गाव, शेजारी उभी असलेली आई, यांवरून ओळख पटतेच. हात, पाठ्यपुस्तक, पाठमोरी आकृती असे फोटो आधीच ठरवून घ्या. मोबाइल किंवा कॅमेऱ्याचं जीपीएस बंद ठेवा, नाहीतर फाइलमध्ये तळाचा ठावठिकाणा जातो.

प्रश्न : काढलेला फोटो लगेच स्क्रीनवर दाखवावा का?

मागितला तर लगेच. न मागता प्रत्येक फोटोनंतर दाखवलात तर भोवती घोळका जमतो आणि पुढे सगळे स्क्रीनसाठीच उभे राहतात. कोणी फोटो पुसायला सांगितला तर त्यांच्यासमोर पुसा. तुमच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतील आणि दोन्हींवर एकदम नोंद होत असेल, तर दुसऱ्या कार्डावरचाही पुसा. नाहीतर तुम्ही खोटं बोललेले असता आणि ते तुम्हाला माहीत असतं.

प्रश्न : दोन हंगाम एका टोळीबरोबर काम झालं. आता संपवायचं आहे. संबंध तोडल्यासारखं वाटू नये म्हणून काय करावं?

आधी सांगा, अचानक येणं बंद करू नका. शेवटच्या तीन-चार भेटी उरल्या की ‘आता एवढंच यायचं आहे’ हे बोलून टाका. मग पावसाळ्यात, टोळी गावी असताना, त्यांच्या गावात जा. तळावर तुम्ही त्यांच्या कामाच्या वेळात गेला होता, इथे ते घरचे यजमान असतात आणि बोलणं वेगळं होतं.

शहरातल्या प्रदर्शनाआधी फोटो तिथे लावा. बारा बाय अठराचे तीस-चाळीस प्रिंट, देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात सुतळीवर चिमट्यांनी. पेरणी आणि खुरपणीच्या मधला दिवस निवडा, वेळ संध्याकाळची ठेवा, आणि पावसाची झड आत येत नाही ती बाजू बघा. बाजूला उभे राहा आणि ऐका. कोणाचं नाव चुकलं, कोणाचा फोटो राहिला, कोणता नको, हे लोक आपसात बोलतील. बायका बहुतेक उशिरा, पुरुष पांगल्यावर येतात, म्हणून सात वाजता आवरायला घेऊ नका. जो फोटो नको म्हणतील तो तिथेच चिमटा काढून त्यांच्या हातात द्या.